उमेदवारी, पट आणि नोंदवही : इंग्लंडमधील 'नर्सिंग असोसिएट' या पदाची पूर्वपीठिका

इंग्लंडमधील परिचर्या-व्यवसायाच्या नोंदवहीत २८ जानेवारी २०१९ रोजी एका नव्या वर्गाची भर पडली. 'नर्सिंग असोसिएट' असे या वर्गाचे नाव असून नोंदणीवाचून ते धारण करण्यास त्या दिवसापासून इंग्लंडात कायद्याने प्रतिबंध झाला. रुग्णाच्या शय्येजवळ प्रत्यक्ष शुश्रूषा करणारा, साध्या मदतनिसाहून अधिक शिकलेला, पण पूर्ण परिचारिकेचा अधिकार नसलेला असा हा मधल्या पायरीवरचा कर्मचारी होय. त्याच्या शिक्षणाची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. तो रुग्णालयाचा पगारी नोकर असतो आणि त्याच वेळी विद्यापीठाचा विद्यार्थीही असतो. दोन वर्षांच्या अखेरीस त्यास 'फाउंडेशन डिग्री', म्हणजे पूर्ण पदवीच्या अलीकडची पदवी, मिळते. राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या वेतनश्रेणींत शिकत असताना तो तिसऱ्या श्रेणीत व नोंदणीनंतर चौथ्या श्रेणीत बसतो. पूर्ण परिचारिकेची सुरुवात पाचव्या श्रेणीपासून होते.

शासकीय पत्रकांतून ही योजना नवी म्हणून मांडली गेली. तिच्यात नवे आहे ते इतकेच, की मधल्या पायरीस विद्यापीठाची मोहोर लाभली. बाकी सारी सामग्री, म्हणजे काम करता करता शिकणे, दुय्यम दर्जाचा एक वेगळा वर्ग आणि त्या वर्गाच्या नावावरून होणारा वाद, इंग्लंडच्या परिचर्येच्या इतिहासात दीडशे वर्षांत वारंवार आढळते. या वादांचा मागोवा घेताना अहवाल आणि कायदे यांचा उपयोग होतो हे उघडच आहे. परंतु त्या त्या काळी या माणसांना काय म्हणत असत याचा विचारही तितकाच उपयुक्त ठरतो. ज्या गोष्टी कायदा स्पष्ट बोलत नाही, त्या पुष्कळदा पदनाम बोलून जाते.

'अॅप्रेंटिस' हा शब्द फ्रेंच भाषेतील शिकणे या अर्थाच्या धातूपासून इंग्रजीत आला. मराठीत त्याच्या जागी 'उमेदवार' हा शब्द रूढ झाला, आणि तो फार्सी 'उमेद'पासून, म्हणजे आशेपासून, सिद्ध झालेला आहे. जागा मिळेल या आशेवर कचेरीत विनावेतन राबणारा तो उमेदवार. एकाच अवस्थेकडे इंग्रजी शब्द शिक्षणाच्या बाजूने पाहतो, तर मराठी शब्द प्रतीक्षेच्या बाजूने. १९६१ च्या भारतीय कायद्याच्या संदर्भात मराठीत 'शिकाऊ उमेदवार' ही जोडी वापरात आली, तीत दोन्ही बाजू एकत्र आल्या. आज निवडणुकीच्या गदारोळात 'उमेदवार' शब्दाचा मूळ अर्थ मागे पडला असला, तरी 'उमेदवारी केली' या वाक्प्रचारात तो शाबूत आहे. इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने अनेक धंद्यांत सात वर्षांची उमेदवारी आवश्यक केली होती आणि १८१४ मध्ये त्या कायद्यातील उमेदवारीची कलमे रद्द झाली. त्या जुन्या पद्धतीचा गाभा करारात होता. उमेदवाराने श्रम द्यावयाचे, धन्याने अन्न, निवारा आणि विद्या द्यावयाची. दोन्ही बाजूंची बंधने एकाच लेखात नमूद असत. परिचर्येत उमेदवारी आली तेव्हा श्रमाची बाजू पूर्ण आली, विद्येची बाजू मात्र अर्धवट आली. पुढील साऱ्या तक्रारींचे मूळ या ठिकाणी आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने जमलेल्या सुमारे ४५,००० पौंडांच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये परिचारिकांची शाळा सुरू झाली. तेथे दाखल होणाऱ्या स्त्रियांना 'प्रोबेशनर' म्हणत. हा शब्द ख्रिस्ती मठांच्या व्यवहारातून आलेला. दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीची पारख करण्याचा जो काल, तो 'प्रोबेशन'. वॉर्डप्रमुखास लावण्यात येणारा 'सिस्टर' हा शब्दही त्याच मुशीतला. लंडनच्या जुन्या रुग्णालयांत तो धर्मसुधारणेच्या उलथापालथीतून टिकून राहिला होता आणि पुढे साम्राज्याबरोबर मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांपर्यंत येऊन पोचला. महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका अशी घडीव संस्कृत पदनामे योजली गेली, तरी खाटेवरच्या रुग्णाच्या तोंडी 'सिस्टर' हीच हाक राहिली.

प्रोबेशनर मुलगी विद्यार्थिनी नव्हती आणि पुरती नोकरही नव्हती. तिची पारख चालू होती. वर्षभराचे शिक्षण, त्यात निवास, भोजन व अल्पसा भत्ता, आणि त्यानंतर काही वर्षे निधीने नेमून दिलेल्या रुग्णालयात सेवा करण्याचे बंधन, असा व्यवहार होता. तिच्या वर्तनाची नोंद ठेवली जाई. त्या नोंदीत वक्तशीरपणा, स्वच्छता, शांतपणा, सचोटी यांना मोठे स्थान असे. मोनिका बेली यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या शाळेच्या प्रारंभीच्या कारभाराचे जे चित्र येते, ते रूढ आख्यायिकेपेक्षा बरेच फिके आहे : शिकवणे तुटपुंजे, आणि वॉर्डातले काम मात्र भरपूर. तथापि याचा दोष केवळ व्यक्तींवर टाकणे योग्य होणार नाही. रुग्णालयांना स्वस्त, शिस्तबद्ध आणि दरवर्षी नव्याने मिळणारे मनुष्यबळ हवे होते. शाळेच्या रूपाने ते मिळू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील मोठी रुग्णालये बहुतांशी अशा शिकाऊ मुलींच्या श्रमावर चालत होती. त्या निघून गेल्या असत्या तर वॉर्ड बंद करावे लागले असते.

मराठीतील 'शुश्रूषा' या शब्दाचा इतिहास येथे सहज आठवतो. 'श्रु' धातूचे ते इच्छार्थक रूप. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यावरून गुरूच्या मुखातून ज्ञान ऐकण्यासाठी त्याच्याजवळ राहणाऱ्या शिष्याची सेवा, आणि त्यावरून कोणाचीही, विशेषतः आजाऱ्याची सेवा, असा अर्थविस्तार झाला. शिकणे, आज्ञा पाळणे आणि सेवा करणे या तीन क्रिया एकाच शब्दात वस्तीला आल्या. व्हिक्टोरियन रुग्णालयाला हा शब्द माहीत असता तर तो त्यास अत्यंत सोयीचा वाटला असता.

या व्यवस्थेविरुद्ध पहिला संघटित आवाज एथेल बेडफर्ड फेनविक यांचा. त्यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन झाली. तीन वर्षांचे शिक्षण, समान परीक्षा आणि शासनमान्य नोंदवही ही त्यांची मागणी. नाइटिंगेल यांनी तिला विरोध केला. चारित्र्य आणि कर्तव्यबुद्धी ही परीक्षेच्या गुणांनी मोजता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. वादात दोन्ही पक्षांजवळ काही सत्य होते. परंतु नाइटिंगेल यांच्या मताचा व्यावहारिक परिणाम असा, की 'शिकलेली कोण' हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णालयाकडे, म्हणजे मालकाकडे, राही. फेनविक यांना तो व्यवसायाकडे हवा होता. १९१९ मध्ये नोंदणीचा कायदा झाला, १९२१ मध्ये नोंदवही उघडली, आणि तीत पहिले नाव फेनविक यांचे लिहिले गेले.

नोंदवही उघडल्याबरोबर एक नवी अडचण उभी राहिली. नोंदलेल्या परिचारिका पुरेशा नव्हत्या, आणि न नोंदलेल्या स्त्रिया, विशेषतः वृद्ध व दीर्घकाळ आजारी असलेल्यांच्या संस्थांत, तेच काम करीत राहिल्या. महायुद्धाने ही टंचाई उघडी पाडली. १९४३ च्या कायद्याने या स्त्रियांसाठी एक स्वतंत्र यादी निर्माण केली व त्यांस 'स्टेट एनरोल्ड असिस्टंट नर्स' हे बिरुद दिले. पहिल्या वर्गाच्या यादीस 'रजिस्टर' आणि दुसऱ्या वर्गाच्या यादीस 'रोल' म्हणावयाचे, असा शब्दभेद कायद्यानेच केला. मराठीत एकीस नोंदवही व दुसरीस पट म्हणता येईल. दोहोंत नावेच लिहावयाची. पण नोंदवहीतले नाव एका व्यावसायिकाचे, आणि पटावरचे नाव हजेरी लावणाऱ्याचे, अशी सूक्ष्म छटा इंग्रजीतही जाणवत असे. शिकणाऱ्यांच्या बाबतीत तोच प्रकार. तीन वर्षांच्या वर्गातील मुलगी 'स्टुडंट नर्स', दोन वर्षांच्या वर्गातील 'प्युपिल नर्स'. वॉर्ड एकच, रुग्ण तेच, रात्रपाळीही तीच.

'असिस्टंट' हा शब्द या स्त्रियांना डाचत होता. १९६१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तो गळला आणि 'स्टेट एनरोल्ड नर्स' एवढे बिरुद राहिले. पगार अथवा अधिकार यांत त्यामुळे विशेष फरक पडला नाही, तरीही या एका शब्दाच्या लोपास महत्त्व आहे. त्या कायद्याने दुसऱ्या वर्गातील स्त्रीही 'नर्स'च आहे असे मान्य केले. 'एनरोल्ड' हे केवळ तिचे विशेषण झाले.

या वर्गाच्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक भाग साम्राज्यातून आलेल्या मुलींचा आहे. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्यावर तिला मनुष्यबळाची तीव्र गरज भासू लागली आणि कॅरिबियन बेटे व राष्ट्रकुलातील अन्य प्रदेश येथून तरुणी मोठ्या संख्येने बोलावण्यात आल्या. त्यांपैकी पुष्कळांची शालेय पात्रता तीन वर्षांच्या वर्गास पुरेशी असताही त्यांना दोन वर्षांच्या वर्गात घालण्यात आले, आणि हा भेद काय आहे हे अनेकींना नीट सांगितलेही गेले नाही. एनरोल्ड नर्सची पात्रता त्यांच्या मायदेशी बहुधा ग्राह्य नव्हती. त्यामुळे शिकून परत जाण्याचा बेत केलेल्या स्त्रिया इंग्लंडातच, आणि तेही बढतीची वाट बंद असलेल्या जागी, अडकून पडल्या. प्युपिल आणि स्टुडंट या शब्दांतला फरक ज्यांना कळला नाही, त्यांचे आयुष्य त्या फरकाने ठरले.

शिकाऊ मुलगी विद्यार्थिनी की कामगार, या प्रश्नावर समित्यांचे अहवाल दर दशकात येत राहिले. १९४७ च्या वुड समितीने शिकणाऱ्यांना खऱ्या अर्थाने विद्यार्थ्याचा दर्जा द्यावा असे म्हटले. १९६४ चा प्लॅट अहवाल व १९७२ चा ब्रिग्ज अहवाल यांनीही शिक्षणाच्या पुनर्रचनेची मागणी केली. अंमल मात्र दूरच राहिला, कारण विद्यार्थ्याचा दर्जा देणे म्हणजे तिच्या श्रमाची जागा भरण्यासाठी दुसऱ्या कोणास पगार देणे, आणि तेवढा पैसा कोणत्याच मंत्रिमंडळाजवळ नसे. १९७९ चा कायदा १९८३ मध्ये अमलात येऊन पट आणि नोंदवही एक झाल्या; पण त्या एकाच नोंदवहीत 'प्रथम स्तर' व 'द्वितीय स्तर' असे भाग पडले. भिंत पाडून तिच्या जागी पायरी बांधली, एवढाच त्याचा अर्थ.

खरा बदल 'प्रोजेक्ट २०००' या १९८६ च्या योजनेने घडवला. शासनाने ती १९८८ मध्ये स्वीकारली आणि पुढील वर्षापासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. शिक्षण रुग्णालयांच्या शाळांतून उच्च शिक्षणसंस्थांकडे गेले. विद्यार्थिनीस पगाराऐवजी शिष्यवृत्ती मिळू लागली. वॉर्डात ती कर्मचाऱ्यांच्या गणनेबाहेरची मानली जाऊ लागली. एनरोल्ड नर्सचे नवे शिक्षण बंद करण्यात आले. शंभराहून अधिक वर्षे चाललेली उमेदवारी अशा रीतीने संपली, असे त्या वेळी मानले गेले. २०१३ पासून तर इंग्लंडात परिचारिका होण्यास पूर्ण पदवी आवश्यक झाली. पण विद्यार्थिनी वॉर्डाच्या गणनेतून वजा झाली, तिचे काम मात्र तेथेच उरले. ते 'हेल्थ केअर असिस्टंट' नावाच्या, कोणत्याही नोंदवहीत नसलेल्या, कोणत्याही ठरावीक शिक्षणाची अट नसलेल्या वर्गाकडे गेले. १९४३ मध्ये बिरुदात लिहिलेला व १९६१ मध्ये पुसलेला 'असिस्टंट' शब्द परत आला. या वेळी त्याच्यापुढे 'नर्स' शब्दही नव्हता.

मिड स्टॅफर्डशरमधील रुग्णालयात झालेल्या हेळसांडीवरील फ्रान्सिस अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या वर्गाकडे सर्वांचे लक्ष गेले. त्याच वर्षी कॅमिला कॅव्हेंडिश यांनी केलेल्या पाहणीत मदतनिसांच्या शिक्षणातील गोंधळ मांडला गेला. तिचे फळ म्हणून १५ निकषांचे 'केअर सर्टिफिकेट' एप्रिल २०१५ पासून लागू झाले. मार्च २०१५ मध्ये लॉर्ड विलिस यांचा अहवाल आला, डिसेंबरात शासनाने मधल्या पायरीचे पद जाहीर केले, आणि जानेवारी २०१७ मध्ये पहिले १,००० शिकाऊ उमेदवार दाखल झाले. एप्रिल २०१७ पासून मोठ्या मालकांवर उमेदवारी-कर बसला. वार्षिक वेतनखर्च ३० लाख पौंडांहून अधिक असल्यास वरील रकमेवर अर्धा टक्का भरावयाचा, आणि तो पैसा उमेदवारांच्या शिक्षणावरच खर्च करता यावयाचा. रुग्णालये हे देशातील मोठ्या मालकांपैकी असल्याने त्यांच्या खात्यांत असा पैसा साचू लागला. त्याच वर्षी परिचर्येच्या नव्या विद्यार्थ्यांची जुनी शिष्यवृत्ती बंद झाली. या दोन घटना एकाच वर्षी घडल्या ही गोष्ट नजरेआड करता येत नाही : पदवीचा मार्ग कर्जाचा झाला, तेव्हाच उमेदवारीचा मार्ग पगाराचा झाला. घरसंसार असलेल्या, वयाने प्रौढ झालेल्या मदतनीस स्त्रीला विद्यापीठाचे दार उघडले ते या दुसऱ्या मार्गाने. जुन्या पद्धतीवर टीका करणाऱ्यांनीही हा लाभ मान्य करावयास हवा.

आता पदनामाकडे वळावे. 'एनरोल्ड नर्स' या समासात प्रधान पद 'नर्स' हे होते. 'नर्सिंग असोसिएट'मध्ये प्रधान पद 'असोसिएट', म्हणजे सहयोगी. 'नर्सिंग' हे त्याचे विशेषण. १९६१ मध्ये जे दिले गेले ते व्याकरणाच्या वाटेने परत घेतले गेले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. याची दुसरी बाजू अशी, की हे बिरुद कायद्याने राखीव केले गेले, तेव्हा 'नर्स' हा एकटा शब्द तसा राखीव नव्हता. राखीव होते ते 'रजिस्टर्ड नर्स'. दुय्यम पदाचे नाव सुरक्षित आणि मुख्य पदाचे मोकळे, असा हा विलक्षण प्रकार.

कौन्सिलने २०१८ मध्ये दोन्ही वर्गांसाठी प्रावीण्याचे निकष प्रसिद्ध केले. परिचारिकेच्या निकषांचे विभाग सात, असोसिएटच्या निकषांचे सहा. जो विभाग नाही तो गरजांचे मूल्यमापन करून शुश्रूषेची आखणी करण्याचा. बाकीच्यांत क्रियापदे बदललेली आहेत. परिचारिका शुश्रूषा देते व तिचे मूल्यांकन करते. असोसिएट शुश्रूषा देतो व तिच्यावर लक्ष ठेवतो. परिचारिका नेतृत्व आणि व्यवस्थापन करून गटात काम करते. असोसिएट गटात काम करतो. परिचारिका शुश्रूषेचा समन्वय साधते. असोसिएट एकात्म शुश्रूषेस हातभार लावतो. दोन पदांमधील सीमा येथे कोणत्या औषधावरून अथवा कोणत्या उपकरणावरून आखलेली नाही. ती निर्णयाच्या अधिकारावरून आखलेली आहे. कागदावर ही सीमा स्पष्ट आहे. परंतु ज्यास रुग्णावर लक्ष ठेवावयाचे, त्यास काय बिघडले हे मनाशी ठरवावेच लागते, आणि रात्री तीन वाजता लक्ष ठेवणे कोठे संपते व मूल्यमापन कोठे सुरू होते हे क्रियापदांवरून ठरत नाही.

या ठिकाणी रुग्णाचा जीव पणाला लागतो. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातील रुग्णालयांचा अभ्यास करून २०१४ मध्ये दाखवले, की परिचारिकेवरील भार एका रुग्णाने वाढला तर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले तर ती तितकीच घटते. त्यांच्याच पुढील अभ्यासात दर २५ रुग्णांमागे एका परिचारिकेच्या जागी एक मदतनीस नेमल्यास मृत्यूच्या शक्यतेत २१ टक्क्यांची वाढ आढळली. हे आकडे असोसिएट नोंदवहीत येण्यापूर्वीचे आहेत व मदतनीस म्हणजे असोसिएट नव्हे. त्यामुळे ते या पदावर जसेच्या तसे लादणे चूक होईल. मात्र असोसिएट हा परिचारिकेच्या हाताखाली आला की परिचारिकेच्या जागी आला, हाच कळीचा प्रश्न आहे, एवढे त्यांवरून निश्चित होते.

शिक्षणाच्या बाजूने पाहता १८६० च्या शाळेपेक्षा करार पुष्कळ रेखीव झाला आहे. अभ्यासक्रमाचे किमान तास २,३०० ठरले. शिकणारा कर्मचारी-गणनेच्या बाहेर ठेवावयाचा, हा एक पर्याय. आणि नोकरी करीत शिकणाऱ्यासाठी दुसरा. या दुसऱ्या पर्यायात किमान २० टक्के काल अध्ययनाचा, किमान २० टक्के स्वतःच्या वॉर्डाबाहेर अन्यत्र अनुभव घेण्याचा, आणि उरलेल्या तासांत शिकण्यासाठी राखलेला वेळ असलाच पाहिजे, अशी अट आहे. 'राखलेला वेळ' हा शब्दप्रयोग बोलका आहे. जी वस्तू हिरावली जाण्याचा धोका असतो तीच राखावी लागते. प्रोबेशनर मुलीजवळ असा शब्द नव्हता, आणि तक्रार करण्यास जागाही नव्हती. आजच्या उमेदवाराजवळ दोन्ही आहेत. वॉर्डात माणसे कमी पडली म्हणजे हा वेळ प्रत्यक्षात किती राखला जातो, ते मात्र विद्यापीठाच्या हाती नसून पाळीचा तक्ता करणाऱ्याच्या हाती असते.

जून २०२३ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेने जाहीर केलेल्या दीर्घकालीन योजनेत त्या वेळी सेवेत असलेल्या सुमारे ४,६०० असोसिएटांची संख्या २०३६-३७ पर्यंत ६४,००० वर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. या मधल्या पायरीवरून वर जाण्याची वाट खुली आहे. असोसिएटला परिचारिकेच्या पदवीत आधीच्या शिक्षणाची सूट मिळते व ती पदवीही उमेदवारीने घेता येते. एनरोल्ड नर्सलाही अशी वाट अखेरच्या काळात मिळाली होती. तिचे शिक्षण बंद झाल्यावर रूपांतराचे अभ्यासक्रम निघाले, जागा अपुऱ्या असत, आणि अनेकींनी वीस-पंचवीस वर्षे केलेले काम पुन्हा परीक्षेस बसून सिद्ध केले. ज्यांनी ते केले नाही त्यांची नावे पुसली गेली नाहीत. २०१९ मध्ये असोसिएटांचा भाग उघडला, तेव्हा त्याच नोंदवहीत द्वितीय स्तराच्या परिचारिकांचा भाग अद्याप शिल्लक होता.